बिनस्प्रिंगची गाडी

आमच्या घरात मी "एकदा काय झालं" असं म्हटलं की थोरली मुलगी ताट उचलते, धाकट्याला एकदम अभ्यास आठवतो आणि बायको म्हणते, "बोला तुम्ही, मी ऐकतेय," आणि भाताचं पातेलं घेऊन आत जाते. त्यामुळे दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. वाचणारा मधेच उठून गेला तरी मला दिसणार नाही.

धंदा सांगतो. महाडला हमरस्त्याच्या कडेला माझं वर्कशॉप आहे. वर्कशॉप हा शब्द पाटीवर आहे, प्रत्यक्षात पत्र्याची शेड, एक वेल्डिंगचा सेट, साखळ्या, जॅक आणि पावसात गळणारं छप्पर. मी गाड्यांची चेसी सरळ करतो. चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा. इंजिन, बॉडी, टपावरचे आंबे आणि आतले पाहुणे, सगळं त्याच्यावर बसलेलं असतं. आमच्या तिन्ही अंगांना घाट. एक कशेडीचा, एक वरंधचा, एक पोलादपूरवरून महाबळेश्वराला चढणारा. इतरांना घाटांची भीती वाटत असेल. मी त्यांना नमस्कार करतो, कारण आमची चूल त्यांच्यावर चालते.

वाकडी चेसी ओळखायला मोठं शास्त्र लागत नाही. रस्त्यावरून कुत्रं पळताना नीट बघा. ते नाकासमोर पळत असतं, पण मागचे पाय पुढच्या पायांच्या जरा बाजूला पडतात. चेसी वाकलेला ट्रक अगदी तसा धावतो. मग मी चार चाकांजवळ ओळंबे सोडतो, खाली जमिनीवर खडूने खुणा करतो आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरतो. दोन्ही तिरक्या दोऱ्या सारख्या भरल्या तर चेसी सरळ. नाही भरल्या तर साखळी बांधायची, जॅक लावायचा आणि देवाचं नाव घेऊन ओढायचं.

एकदा पोलादपूरचा एक ड्रायव्हर असाच तिरका ट्रक घेऊन आला. मालकाने पाठवला होता म्हणून आला, स्वतःहून नव्हे. मी दोरी काढली तर म्हणाला, "मिस्त्री, थोडी सरळ करा. पूर्न नको."

"पूर्ण का नको?"

"इतकी वर्सं मी तिरका बसून चालवतोय. तुमी सरळ केलीत तर मला चालवता येनार नाय."

तेव्हा मी हसलो. संध्याकाळी घरी जेवताना सांगितलं, तेव्हा मुलांनी ताटं उचलली.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला धाडसी समजाल. मला वेगाची भीती वाटते. माझी स्कूटर सायकलवाल्यांना वाट देत चालते. एस.टी. कशेडी उतरायला लागली की मी डोळे मिटतो आणि बायको शेजारच्या बाईला सांगते, "ह्यांना झोप फार." अशा माणसाकडे शर्यतीची गाडी आली, ती आमच्या मेव्हण्यामुळे.

माझी बायको सुमन उमरठच्या वरच्या एका वाडीतली. डोंगरावर पाच-पंचवीस घरं, गुरं-ढोरं आणि नाचणीची शेती. बबन तिचा धाकटा भाऊ. मुंबईला गॅरेजात गाड्या धुवायला म्हणून गेला आणि हाताच्या गुणाने मेकॅनिक झाला. अंगाने काटकुळा, बोलायला कमी. त्याच्या मालकांना सगळे शेठ म्हणत, म्हणून मीही शेठच म्हणतो. शेठना शर्यतीचा शौक. घोड्यांच्या नव्हे, गो-कार्टच्या.

थंडीचे दिवस होते, भात झोडून शेतं मोकळी झाली होती. दुपारी एक टेम्पो शेडसमोर थांबला. बबन उतरला, मागची फळी पाडली आणि ताडपत्री काढली. मला वाटलं, एखाद्या मोठ्या गाडीचा अर्धा भाग आणलाय.

"बाकीची कुठाय?"

"एवडीच हाय भावजी."

चार ठेंगणी चाकं. मधे घोट्याएवढ्या उंचीवर, मुठीत धरला तर बोटाला बोट जुळेल इतक्या बारीक पाइपांचा सांगाडा. त्यात एक टोपलीसारखी सीट, सीटच्या उजव्या कुशीला फटफटीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा. दार नाही, टप नाही, स्प्रिंग नाही. मी खाली वाकून शोधली, खरंच एकही स्प्रिंग नव्हती. साध्या कार्टला गिअर नसतात. या गाडीला होते, आणि म्हणून ती जास्त पळायची आणि जास्त त्रास द्यायची. वळणात एक हात स्टिअरिंगवर आणि एक गिअरवर.

सांगाडा परदेशातून आलेला, इंजिन आपल्याकडचं. मागच्या शर्यतीत ती एका ड्रमवर आदळून वाकली होती. ती चालवणारा पोरगा तेवढ्यात आखाती देशात नोकरीला गेला. बबनने शेठना सांगितलं, माझे भावजी ट्रकच्या चेसी सरळ करतात, हिचं काय घेऊन बसलात. शेठ म्हणाले, ठीक आहे, गाडी नीट करून आण, या वेळी तूच चालव.

हे सांगताना बबनचा आवाज बदलला. टेम्पोवाला चहाला गेल्याची खात्री करून तो म्हणाला, "भावजी, किती शर्यती झाल्या, गाडी घासायला मी, पेट्रोल भरायला मी. लोक येऊन बसतात आनि जातात. मला एकदा बसायचंय. नंबर येवो नायतर न येवो."

मी हो म्हणालो. म्हणजे बबनला हो म्हणालो. घरी अजून एक माणूस होतं.

सुमनचा थोरला भाऊ ट्रकवर क्लीनर होता. एका पावसाळ्यात तो ट्रक घाटातून खाली आला नाही. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण सुमन अजूनही ट्रकच्या ब्रेकचा आवाज आला की हातातलं काम थांबवते. हमरस्त्यावरच्या घरात हे दिवसातून कितीदा होतं, ते तुम्हीच समजा.

ती शेडमध्ये आली, पदराला हात पुसत गाडीभोवती फिरली आणि तो बारीक पाइप बोटांत धरून म्हणाली, "ह्याच्यात बसनार तू?"

"होय गो ताय."

"आमच्या गोठ्याचं कवाड ह्याच्यापरीस जाड हाय." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही ही मजबूत करून द्या. नायतर आत्ताच नाय म्हनून सांगा."

आणि मी ती मजबूत केली.

यात माझंच एकट्याचं डोकं होतं असं नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही मिस्त्रीने तेच केलं असतं. घाटातल्या गाड्यांवर आमचा जन्म गेलेला. जिथे तडा, तिथे पट्टी. जिथे लवतं, तिथे आडवा अँगल. ट्रकची चेसी जितकी ताठ तितकं मिस्त्रीचं नाव मोठं. मी आधी सांगाडा दोरीत आणला, ते काम झकास झालं. मग हाताने दाबून पाहिलं तर पाइप लवत होता. मला वाटलं, परदेशी लोकांनी माल वाचवला. मी दोन आडवे पाइप टाकले, एक तिरका टाकला, चारी सांध्यांना त्रिकोणी पट्ट्या मारल्या. सीटच्या मागे एक जास्तीचा टेकू दिला, तो निव्वळ सुमनसाठी. वर लाल रंग दिला. गाडी टेम्पोत चढवायला आता एक माणूस जास्त लागू लागला आणि मला वाटलं, याला म्हणतात काम.

त्या वर्षी महाडजवळ औद्योगिक वसाहतीचे रस्ते नुकतेच झाले होते. कारखाने यायचे होते, डांबर आधी आलं होतं. रुंद, गुळगुळीत, रिकामे रस्ते, काटकोनात वळणारे, आणि त्यांच्यावर गुरं बसलेली. बबनने गुरं उठवली. घरचीच सवय. मी गाडी ढकलली, इंजिन पेटलं आणि असा आवाज झाला की समोरच्या शेतातले बगळे पार तुडील गावापर्यंत गेले असतील.

सरळ रस्त्यावर गाडी सुंदर गेली. वळण आलं. बबनने स्टिअरिंग वळवलं, पुढची चाकं वळलेली मला स्वच्छ दिसली, आणि गाडी सरळच गेली. बेडकासारख्या तीन उड्या मारून रस्ता सोडून, चर ओलांडून, भाताच्या खुंटांत शिरली आणि करवंदीच्या जाळीत थांबली.

मी धावलो. माझ्या धावण्यावर घरात वेगळी गोष्ट आहे, ती राहू दे. बबन काट्यांत बसून होता.

"लागलं का रे?"

"नाय. भावजी, ती वळतच नाय."

"तू उशिरा वळवलीस."

"पुन्यांदा करून बगू."

पुन्हा केलं. पुन्हा करवंदी. संध्याकाळपर्यंत बबनच्या हातांवर इतके ओरखडे झाले की सुमनने विचारलं, "गाडी चालवत होतास की मांजर पकडत होतास?" त्यावर आम्ही दोघांनीही जेवणात लक्ष घातलं.

आता जरा यंत्राचं बोलतो, पण कंटाळा येणार नाही असं बघतो. बैलगाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. दोन्ही चाकं आसावर सुटी असतात म्हणून ते जमतं. ट्रकला त्याच्यासाठी मागे दातऱ्यांचा गोळा असतो. या कार्टला तसं काहीच नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट, फिरली तर सारखीच फिरणार. मग ती वळायची कशी? बबनने शेठच्या जुन्या ड्रायव्हरकडून ऐकलं होतं की वळणात आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जायला हवं. म्हणजे गाडी क्षणभर तीन चाकांवर. हे ऐकून मी म्हणालो होतो की त्या ड्रायव्हरने प्यायलेली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमधल्या बाकावर चहा घेत बसलो होतो. बाक डुगडुगत होता. आमची जमीन सारखी नाही आणि बाक सागवानी, ताठ, मीच पट्ट्या मारून पक्का केलेला. त्यामुळे त्याचा एक पाय कायम अधांतरी. वैतागून मी उठलो आणि बाजूला पडलेल्या जुन्या बाजेवर बसलो. बाजेचे सांधे ढिले, सुंभ सैल, पण तिचे चारही पाय जमिनीला टेकले. मी एक कोपरा उचलून पाहिला. बाज पिळली, आणि बाकीचे तीन पाय होते तिथेच राहिले.

चहा तसाच ठेवून मी कार्टजवळ गेलो आणि तिचं पुढचं एक चाक उचललं. अख्खी बाजू फळीसारखी वर आली.

त्या बारीक पाइपांचं काम तेच होतं. स्प्रिंग नाही, कारण सांगाडाच स्प्रिंग. स्टिअरिंग वळवलं की पुढचं आतलं चाक थोडं खाली रेटलं जातं, सांगाडा पिळतो, मागचं आतलं चाक उचललं जातं, वळण झालं की सांगाडा उलगडतो आणि चाक परत टेकतं. मी त्याला बाक करून ठेवलं होतं.

"बबन," मी म्हणालो, "करवत आण."

तो एवढ्या लगेच करवत घेऊन आला की त्याला हे माझ्या आधी कळलं असणार. भावजींना कसं सांगायचं म्हणून गप्प असेल.

तिरका पाइप कापत होतो तेवढ्यात सुमन आली. "काय करताय?"

"काढतोय."

"मजबुतीचं काढताय?"

मी तिला बाजेवर बसवलं, बाकावर बसवलं, पुन्हा बाजेवर बसवलं. ती सगळीकडे बसली. मग म्हणाली, "मला ह्यातलं काय कळत नाय. एक सांगा. हे कापताना तुमाला भीती वाटतेय का?"

"वाटतेय."

"मग कापा. भीती वाटत नसती तर मी कापू दिलं नसतं."

ती गेली नाही. पाइप खाली पडेपर्यंत तिथेच उभी राहिली. सीटच्या मागचा टेकू कापायची वेळ आली तेव्हा मात्र भांडी घासायची आहेत म्हणून आत गेली.

त्यानंतरचे दिवस माझ्या धंद्यातले सगळ्यात आनंदाचे. कार्टमध्ये काहीही हलवलं तर सगळंच हलतं. म्हणून आम्ही एक नियम केला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फेरी मारून बघायची. दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही आणि मग माणसं भांडतात. शेजारच्या धान्याच्या दुकानातून मी गोणी तोलायचा काटा मागून आणला. दुकानदार आपलाच माणूस, पण काट्यामागोमाग तोही आला, काटा बिघडवतील म्हणून. एक चाक काट्यावर, बाकीची तीन तेवढ्याच जाडीच्या लाकडांवर, आणि सीटमध्ये बबन. असं प्रत्येक चाकावरचं वजन पाहायचं. इंजिन उजवीकडे म्हणून बबनला डावीकडे सरकवायचं.

"थोडा आनखी डावीकडं," दुकानदार म्हणायचा. दुसऱ्या दिवसापासून तोच सगळं सांगायला लागला. "तांदूळ असता तर मी दोन मिनिटांत तोलला असता. हा सारखा हलतो."

सीट ही नुसती बसायची जागा नाही, हे मला तेव्हा कळलं. ती सांगाड्याला चार ठिकाणी बोल्टने धरलेली असते, म्हणून तीही पिळते, आणि तिच्यात बसलेल्या माणसाचं वजन गाडीला वळवतं. सीट बोटभर मागे घेतली की गाडीचा स्वभाव बदलतो. माणूस आत सैल बसला तर सगळं फुकट. बबन त्या सीटमध्ये शेंगेतल्या दाण्यासारखा खुळखुळायचा. सुमनने जुन्या गोधडीचे तुकडे शिवून त्याच्या दोन्ही बरगड्यांशी बसतील अशा उशा केल्या. "एवडी हाडं हायत तुझी," ती माप घेताना म्हणाली, "मुंबईत जेवतोस तरी का?"

टायरला आम्ही चुना फासायचो. दोन वळणं घेऊन आलं की चुना कुठे पुसला ते बघायचं. मधेच पुसला तर हवा जास्त, कडांना पुसला तर कमी. मग तळहात ठेवून कुठली बाजू जास्त तापली ते बघायचं. पुढच्या चाकांची तोंडं दोरी धरून जवळजवळ सरळ ठेवली, कारण एका हाताने गिअर बदलताना स्टिअरिंगने दुसऱ्या हाताशी झटापट करता कामा नये. मागची चाकं दांड्यावर आत-बाहेर सरकवून बघितली. बबन प्रत्येक फेरीनंतर येऊन थोडक्यात सांगायचा, "पुढून सुटते," "मागून लई धरते," "आता बरी हाय, पन शेवटाला थरथरते." मी स्वतः एकदाही बसलो नाही. मला त्याच्या सांगण्यावरूनच कळत होतं, आणि तेवढं पुरे होतं.

एका दुपारी मी वळणाच्या आतल्या बाजूला उकिडवा बसलो होतो. बबन आला, गिअर खाली टाकला, वळवलं, आणि मागचं आतलं चाक डांबरावरून सुटलं. फार नाही, खालून मांजराचं पिल्लू जाईल एवढंच. गाडी दोरी ओढल्यासारखी वळली, चाक टेकलं, आणि ती सरळ रस्त्याला लागली. दुकानदार माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "काटा आता परत नेऊ का?"

शर्यत मुंबईजवळच्या एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर होती. गवताच्या गंज्या आणि टायर मांडून वळणं केलेली. सुमन आमच्याबरोबर आली. बहिणीकडे जाते म्हणाली, पण बहिणीकडे काही गेली नाही.

शेठ भेटले. माणूस दिलदार. त्यांनी गाडी सरळ रस्त्यावर पळताना पाहिली, वळताना पाहिली, माझ्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, क्या बात है. एकदम मख्खन." मग एका उंच, गोऱ्या, अंगाने भरलेल्या मुलाला पुढे केलं. "हा संजू, माझा पुतण्या. याचे वडील, माझे मोठे भाऊ, खास बघायला आलेत. संजू चालवेल. बबन, तू जरा सेटिंग करून दे त्याला."

म्हणताना त्यांनी बबनकडे पाहिलं नाही, आणि त्यात दुष्टपणा नव्हता. दिलेला शब्द ते साफ विसरले होते. मी बबनकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ते त्याने हळूच काढलं, आतली बाजू शर्टाला पुसली आणि संजूला दिलं.

इतके दिवस बबन बसणार म्हणून धास्तावलेली सुमन माझा दंड धरून म्हणाली, "हा का बसतोय? आमच्या बबनची गाडी हाय ती."

"शेठची आहे."

"मग शेठला सांगा."

मी सांगायला हवं होतं. पण बबन माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको म्हणून. त्याला मुंबईत त्याच माणसाकडे राहायचं होतं. मी त्याला टायरांच्या ढिगामागे नेलं आणि म्हणालो, "गाडी तुझ्या वजनाची आहे. आपण हात लावायचा नाही. जशी आहे तशी देऊन टाकू. दोन फेऱ्यांत तो आपणहून उतरेल."

बबनने पाना उचलला. "तशी दिली तर दुसऱ्या वळनावर फेकून देईल त्याला. त्या पोराने काय केलंय आपलं?" मग ढिगावरून संजूकडे बघत म्हणाला, "सीट मागं घ्यायला लागंल, भावजी. मांड्या लांब हायत त्याच्या."

मग आम्ही ती गाडी संजूसाठी लावली. सीट मागे आणि जरा उजवीकडे घेतली, सीटजवळचा एक मूळचा टेकू सैल केला, मागची चाकं थोडी बाहेर ओढली, हवा बदलली. गोधडीच्या उशा काढून ठेवल्या, त्यांची त्याला गरजच नव्हती. काम चोख केलं. मनात नसताना हात इतके नीट कसे चालले, हे मला आजही सांगता येत नाही. संजू मुलगा चांगला होता. सारखं विचारत होता, "दादा, त्या शेवटच्या वळणाला गिअर आधी टाकू की नंतर?" आणि बबन त्याला सगळं सांगत होता. इतक्या दिवसांत त्याला जे जे कळलं होतं ते सगळं.

संजू तिसरा आला. शेठनी पेढे वाटले. संजूच्या वडिलांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि इंग्रजीत काहीतरी चांगलं बोलले असावेत. सुमनने पेढा घेतला नाही. संजू पाणी पीत होता तिथे ती गेली. मला वाटलं आता काय करते. ती साध्या आवाजात त्याला म्हणाली, "बाळा, आज ह्या गाडीवर माझा भाऊ बसनार होता. तुमच्या काकांनी त्याला कबूल केलं होतं."

संजू लाल झाला. "मला कुणी सांगितलं नाही."

"म्हनून सांगितलं," सुमन म्हणाली.

तो काकांकडे गेला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण शेठनी कपाळावर हात मारला आणि तिथूनच हाक दिली, "अरे बबन, बोलायचं ना यार. जा, ऊन आहे तोवर दोन राउंड मार."

लोक निघाले होते. गवताच्या गंज्या टेम्पोत चढत होत्या, घड्याळवाले आपली टेबलं आवरत होते. बबन तसाच सीटमध्ये बसायला निघाला. मी म्हणालो, "उतर."

"कशाला भावजी? दोनच राउंड."

"उतर म्हणतो ना."

मी सीटचे बोल्ट सोडले. शेठ म्हणाले, "मिस्त्री, दोन राउंडसाठी काय सेटिंग करता?" मी ऐकलं नाही असं केलं, आणि मोठ्या गाडीच्या कामात कान गेलेले असतात असं लोकांना वाटतंच. सीट पुढे आली, डावीकडे आली. टेकू आवळला. मागची चाकं आत घेतली, दांड्यावरची खूण दिसत होती तिथपर्यंत. संजू गुडघ्यावर बसून मला पाने देत होता. सुमनने पिशवीतून गोधडीच्या उशा काढल्या आणि भावाच्या बरगड्यांशी स्वतः दाबून बसवल्या, जोर लावून, जरा जास्तच.

मी आणि संजूने गाडी ढकलली.

समोर कुणीच नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. अर्धी वळणं उचलून नेलेली, म्हणून बबनने डांबरावरच्या काळ्या खुणांवरून वाट धरली. पहिल्या वळणाला मी डोळे उघडे ठेवले. चाक उचललं, टेकलं. सुमनने माझा शर्ट मुठीत धरला होता आणि ती बघत होती, डोळे न मिटता. दुसऱ्या वळणाला इंजिनाचा आवाज खाली आला, वर गेला, मधे कुठेही अडखळला नाही. तो किती वेगात गेला ते मी सांगू शकत नाही. मोजणारे घरी गेले होते.

दोन फेऱ्या झाल्या. तो आमच्याजवळ येऊन थांबला, हेल्मेट काढलं. शेठ, संजू, सुमन, मी, सगळे तो काय बोलतो ते बघत उभे. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता आणि कपाळाला आठी.

"भावजी," तो म्हणाला, "मागच्या डाव्या चाकात हवा थोडी जास्त हाय. वळनातून बाहेर पडताना उडतंय."

शेठनी सूर्याकडे पाहिलं. मी हवेचा मीटर शोधायला खिसे चाचपू लागलो.

सुमनही वर बघत म्हणाली, "मग कमी करा की. थांबलाय तो."